साक्षी आणि साक्षीदार: फ्रान्स हाल्सनं रंगवलेलं मित्राचं लग्न

 

आज एकाच चित्राबद्दल बोलायचं आहे. सौंदर्यशास्त्र म्हटलं की आपण पटकन मोठ्या शब्दांकडे धावतो: रस, उदात्त, अनुकृती वगैरे. आज ते थोडं बाजूला ठेवू आणि एक साधा व्यवहार घेऊ. एका माणसाचं लग्न झालं आहे. त्याच्या ओळखीतला, स्नेहातला एक चित्रकार आहे. तो त्याला म्हणतो, आम्हा दोघांचं चित्र काढ. हे काम आहे, त्याचे पैसे असतात. आता प्रश्न असा, की त्या चित्रकारानं कॅनव्हाससमोर कोण म्हणून उभं राहायचं? मित्र म्हणून, की मोबदला घेणारा कारागीर म्हणून? मैत्रीत पैसा आला की मैत्री नासते, असं आपण म्हणतो. कलेत पैसा आला की कला नासते, असंही म्हणतो. इथे दोन्ही धोके एकदमच आलेत.

आता पडद्यावर बघा. हे चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. साधारण १६२२ सालचं. उंची १४० सेंटिमीटर, रुंदी साडेसहासष्ट वर शंभर, म्हणजे १६६.५. चित्रकार फ्रान्स हाल्स, हार्लेम गावचा. डावीकडे जो पुरुष झाडाला टेकून मागे रेलून बसलाय, तो इसाक मासा. काळे कपडे, काळी रुंद टोपी, पांढरी लेस, उजवा हात छातीवर. ओठ किंचित विलगलेले, आत्ता काहीतरी बोलेल असे. त्याच्या शेजारी त्याची बायको, बिआट्रिक्स फान डर लान. गळ्याभोवती चुण्यांची ती मोठी गोल कॉलर. तिनं हात त्याच्या खांद्यावर असा टाकलाय की बोटातली अंगठी दिसावी. दोघंही हसतायत. उजवीकडे बाग आहे, कारंजं आहे, मोर आहेत, हिंडणारी जोडपी आहेत. दोघांचं लग्न १६२२ च्या एप्रिलमध्ये लिस या गावी झालं.

मासा कोण? जन्म १५८६ चा, हार्लेमचा, कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. घराणं दक्षिणेकडून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूनं आलेलं. हाल्सही तसाच: जन्म अँटवर्पचा, लहानपणी आईवडिलांबरोबर हार्लेमला आलेला, बाप कापडाच्याच धंद्यातला कारागीर. मासा पोरवयातच व्यापार शिकायला मॉस्कोला गेला, १६०१ ते १६०९ तिथे राहिला. रशियात त्या वेळी दुष्काळ, तोतया राजे, बंडाळी असा सगळा गोंधळ चालला होता. तो त्यानं डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. सैबेरियाचे नकाशे मिळवले. पुढे डच सरकारचा वकील म्हणून झारच्या दरबारी गेला. असा जग हिंडलेला, महत्त्वाकांक्षी माणूस छत्तिसाव्या वर्षी गावातल्या कारभारी घराण्यातली मुलगी करतो. लग्न त्याच्या दृष्टीनं वरची पायरी होती, हे लक्षात ठेवा.

आणि मैत्रीचं काय? त्याला एक ठोस पुरावा आहे. १६२३ साली हाल्सच्या मुलीचा, आड्रियान्त्येचा, बाप्तिस्मा झाला तेव्हा साक्षीदारांमध्ये इसाक मासा होता. आपल्या लेकराच्या बाप्तिस्म्याला कुणी गिऱ्हाइकाला असंच उभं करत नाही. 'साक्षीदार' हा शब्द मनात ठेवा, आपल्याला त्याच्याकडेच परत यायचं आहे.

आधी तुलना करू. हाल्सनंच तीन वर्षांनी, १६२५ मध्ये, आणखी एका नवविवाहित जोडप्याला रंगवलं: याकोब ओलिकान आणि अलेटा हानेमान्स. ओलिकान म्हणजे बिअर गाळणारं बडं घराणं. ही चित्रं द हेगच्या माउरित्सहाउसमध्ये आहेत. 'चित्रं' म्हणतोय, कारण ती दोन आहेत. नवरा एका चौकटीत, बायको दुसऱ्या. तिच्या हातात लग्नाचे भरतकाम केलेले हातमोजे. मागे साधी भिंत. कपड्यांचं काम अप्रतिम आहे, कलाबतूचा धागा न् धागा मोजून घ्यावा. दोघं गंभीर. भिंतीवर शेजारी-शेजारी टांगली की संसार पूर्ण. त्या काळची हीच रीत होती. प्रॉटेस्टंट हॉलंडमध्ये विवाह हा संस्कारापेक्षा करार जास्त, आणि करारात दोन पक्ष असतात. दोन पक्ष, दोन चौकटी. त्यात खोटं काही नाही.

मासाच्या चित्रात मात्र चौकट एकच आहे. नवरा-बायको खऱ्या मापात, एकाच कॅनव्हासवर, जमिनीवर बसलेले आणि हसणारे. हाल्सच्या हातचं जोडप्याचं असं दुसरं चित्र नाही. तर हा बदल का झाला, हा आपला प्रश्न.

याची दोन उत्तरं आजवर दिली गेली आहेत. दोन्ही तपासू.

पहिलं उत्तर चिन्हांचं. १९६१ साली एडी दे योंग आणि पी. जे. फिंकेन या दोन डच अभ्यासकांनी या चित्रावर एक निबंध लिहिला. ही माणसं मासा आणि बिआट्रिक्स आहेत, ही ओळखही त्यांचीच. त्यांनी सांगितलं की हे चित्र वाचायचं असतं. त्या काळी चिन्हांची पुस्तकं फार खपत: एक चित्र, एक बोधवाक्य, खाली चार ओळी पद्य. त्या पुस्तकांतून इथली झाडंझुडपं आली आहेत. मासाच्या बाजूला खाली डावीकडे ते काटेरी झुडूप आहे ना, त्याला डच भाषेत 'मानेनट्राउ' म्हणतात, म्हणजे पुरुषाची निष्ठा. गंमत अशी की 'ट्राउ' म्हणजे निष्ठा आणि लग्न करणं यासाठीचं डच क्रियापदही त्याच मुळातलं. बिआट्रिक्सच्या पायाशी आयव्ही आहे, चिकटून राहणारी, म्हणजे चिवट प्रेम. मोर म्हणजे विवाहाची देवता जूनो, तिचा पक्षी. मासानं छातीवर ठेवलेला हात म्हणजे शपथ. झालं, सगळं जुळलं.

हे वाचन चुकीचं नाही. ते आवश्यक आहे. पण पुरेसं नाही, का ते बघा. ही सगळी चिन्हं यादी करून कुठल्याही चित्रकाराकडून काढून घेता आली असती. काटेरी झुडूप एक, वेल एक, मोर दोन. वाण्याच्या दुकानातल्या चिठ्ठीसारखी! (हशा) चिन्ह सांगतं की निष्ठा *असावी*. या दोन माणसांमध्ये ती कशी आहे, हे चिन्हाला सांगता येत नाही. खरं सांगायचं तर चित्राचा सगळ्यात कच्चा भागही तिथेच आहे. उजवीकडची ती बाग बघा. नाटकाचा पडदा सोडावा तशी ती मागे लटकते. कारंज्याजवळचं जोडपं आणि पुढचं हे जोडपं एकाच उजेडात, एकाच हवेत आहेत असं वाटत नाही. जिथे हाल्स नुसती यादी पुरी करतो, तिथे त्याचा हात थंड पडतो. टीका म्हणून मी हे स्पष्ट नोंदवतो.

दुसरं उत्तर याच्या अगदी उलट. ते म्हणतं, चिन्हंबिन्हं सोडा हो, हा उत्स्फूर्त क्षण आहे. हाल्स आनंदी, पिणारा, खुशालचेंडू माणूस. दिसलं ते झटकन पकडलं. ही दंतकथा जुनी आहे. १७१८ साली हाउब्राकेन या चरित्रकारानं हाल्स रोज संध्याकाळी पिऊन तर्र असे, असं लिहून ठेवलं आणि लोकांनी ते चित्रांत शोधायला सुरुवात केली.

पण जरा विचार करा. जवळजवळ दीड मीटर उंचीचं तैलचित्र. लेसचे पदर, कॉलरच्या चुण्या. हे झटकन होतं का? आणि हसू तर मुळीच टिकत नाही. फोटोवाला 'हसा' म्हणतो आणि बटण दाबायला चार सेकंद लावतो, तेवढ्यात आपलं हसू कसं वाळून जातं, सगळ्यांना माहीत आहे. मग कित्येक तासांच्या बैठकांमध्ये ते कसं टिकणार? म्हणजे हे हसू पकडलेलं नाही. ते पुन्हा पुन्हा आणलं गेलंय, आठवलं गेलंय, रचलं गेलंय. उत्स्फूर्त दिसतं ते, घडवलेलं आहे.

शिवाय त्या काळी मोठ्या माणसांनी चित्रात हसायचं नाही, असा दंडक होता. हाल्सच्या चित्रांत खळखळून हसणारे कोण? वादक, दारूचा पेला हातात घेतलेले, पोरं. पैसे देऊन चित्र करवून घेणारे बहुतेक तोंड मिटून बसतात. लंडनच्या वॉलेस संग्रहातला तो प्रसिद्ध 'लाफिंग कॅव्हेलियर', १६२४ चा, तोही नीट बघाल तर हसत नाही, मिशीचा आकडा हसतो. (हशा) मग वरच्या पायरीवर नुकताच पाय ठेवलेला मासा, कारभारी घराण्यातल्या बायकोला घेऊन, हसायला कसा तयार झाला?

आता त्यांच्या नजरा बघा. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. नवविवाहित आहेत, प्रेमात आहेत, पण बघतायत समोर. आज तिथे आपण उभे आहोत. १६२२ मध्ये तिथे कोण उभं होतं? हाल्स. ते हसू त्याच्यासाठी आहे. मासा काहीतरी बोलणार आहे ते हाल्सला. आपण संग्रहालयात चित्रासमोर जातो तेव्हा नकळत त्या मित्राच्या जागी जाऊन उभे राहतो, आणि कोण कुठली ती दोन माणसं आपल्याला ओळखीचं हसू देतात. या चित्राची जी ऊब आपल्याला जाणवते, ती इथून येते. करारात दोन पक्ष असतात असं मी म्हणालो. इथे तिसरा माणूस आलाय, आणि त्याच्यामुळे त्या दोघांचं 'दोघं असणं' दिसू लागलंय.

आता आपल्या शब्दाकडे येऊ. आपल्या परंपरेत 'साक्षी' हा मोठा शब्द आहे. पाणिनीनं तो 'साक्षात् पाहणारा' या अर्थानं सिद्ध केला. सांख्यांचा पुरुष साक्षी आहे: तो पाहतो, पण करत काहीच नाही, मध्यस्थ, उदासीन. वेदान्तातही साक्षी म्हणजे अलिप्त चैतन्य. पण मराठीत आपण याच शब्दाला एक प्रत्यय लावतो आणि अर्थ जवळजवळ उलटा होतो. साक्षीदार! साक्षीदार अलिप्त नसतो. त्याला सही करावी लागते. उद्या वाद झाला तर 'हो, मी तिथे होतो' असं उठून सांगावं लागतं. लग्न अग्नीच्या साक्षीनं लागतं हे खरं, पण नोंदणी कचेरीत अग्नी चालत नाही, तिथे सही करणारी माणसं लागतात. (हशा)

चित्रकार साक्षी असावा की साक्षीदार? जिथे चित्रकाराचं त्या माणसांशी काही नातं नाही, तिथे तो साक्षी राहू शकतो. ओलिकान जोडप्यासमोर हाल्स साक्षी आहे: डोळस, अचूक, पण बाहेरचा. मासा जोडप्यासमोर तो साक्षीदार आहे.

ही कल्पना चित्रकलेत नवी नव्हती. यान फान आइकचं १४३४ चं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. मागच्या भिंतीवर गोल आरसा, आरशात दारातून येणाऱ्या आणखी दोन आकृती, आणि वर ठसठशीत लॅटिन अक्षरांत: यान फान आइक इथे होता. १९३४ साली पॅनोफ्स्कीनं मांडलं की चित्रकारानं इथे लग्नाचा साक्षीदार म्हणून सही केली आहे. ते लग्नच आहे का, यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि आज ते मत सरसकट मानलं जात नाही. ते असो. पण चित्रकाराची हजेरी तिथे अक्षरांत आणि आरशात आहे. हाल्सनं आरसा ठेवला नाही. त्याची हजेरी समोरच्या दोन चेहऱ्यांवर आहे. 'मी इथे होतो' हे तो स्वतः म्हणत नाही, त्यांचं हसू ते म्हणतं.

याला एक चांगला आक्षेप घेता येईल: चित्रकाराला सगळ्यात जवळचं लग्न म्हणजे स्वतःचं. मग स्वतःचं लग्न रंगवताना हे अधिक साधायला हवं. बघू या. १६०९-१० च्या सुमारास रूबेन्सनं स्वतःला आणि इसाबेला ब्रांटला मधुमालतीसारख्या वेलीच्या मांडवात बसवून रंगवलं. म्युनिकला आहे ते. फार देखणं चित्र. तिचा हात त्याच्या हातावर. पण तिथे समोर उभा असलेला माणूस आणि चित्रातला नवरा एकच आहे. रूबेन्सची नजर अखेर आरशाकडे जाते. त्यामुळे त्या चित्रात ऐट आहे, सुख आहे, पण तिसऱ्या माणसाला पाहून चेहरा उजळतो तसं काही नाही. स्वतःच्या लग्नाला स्वतः साक्षीदार होता येत नाही, हे कायद्यालाही कळतं.

आता पैशाचा मुद्दा. इथे एक मजेची गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात हे चित्र राइक्सम्युझियममध्ये आलं, तेव्हा लोक ते काय समजत होते? हाल्सनं काढलेलं स्वतःचं आणि आपल्या बायकोचं चित्र! इतकी जवळीक, इतकं मोकळं हसू, म्हणजे चित्रकाराचा स्वतःचाच संसार असणार. ही चूक मला फार बोलकी वाटते. तिच्यामागे एक गृहीतक आहे: खरा आनंद माणूस फक्त स्वतःसाठी रंगवतो, पैसे घेतले की तो फक्त हुकूम बजावतो. हे गृहीतक आजही आपल्यात आहे. लग्नाची पत्रिका करून देणारा, मांडवात सनई वाजवणारा, फोटो काढणारा, यांनी पैसे घेतले की त्यांच्या कामात जीव नसणार असं आपण धरून चालतो. आणि मित्र असेल तर त्याच्याकडून फुकट अपेक्षितो, वर त्यालाच मैत्री म्हणतो.

अ‍ॅरिस्टॉटलनं मैत्रीवर जे लिहिलंय, त्यात एका वादकाची गोष्ट येते. एकानं त्याला सांगितलं, जितकं छान वाजवशील तितकं जास्त देईन. दुसऱ्या दिवशी वादक पैसे मागायला गेला, तर तो म्हणतो, तुला मी आशेचं सुख दिलं, तू मला गाण्याचं सुख दिलंस, फिटंफाट! अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, हे न्याय्य नाही, कारण एकाला सुख हवं होतं आणि दुसऱ्याला मोबदला. ज्याला जे हवं होतं ते त्याला मिळालं पाहिजे. मला यातून हे घ्यावंसं वाटतं, की मोबदला चुकता करणं हा मैत्रीचा अपमान नाही. चुकता न करता सुखाच्या गोष्टी करणं, हा अपमान आहे.

हाल्सला पैशाची गरज नेहमीच होती. १६५४ साली एका बेकरवाल्याच्या उधारीपोटी त्याला घरातलं सामान आणि चित्रं द्यावी लागली. तरी पैसा पुरत नाही, हेही त्याच्याच आयुष्यात दिसतं. १६३३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका नागरी पथकानं त्याला समूहचित्र दिलं. सोळा माणसं. दर माणशी साठ गिल्डर ठरले, मग सहासष्टपर्यंत वाढवले. हाल्स म्हणे, तुम्ही हार्लेमला या. ते म्हणत, तू इकडे ये. दोन गावांमध्ये अंतर साधारण वीस किलोमीटर, आणि १६३२ पासून कालव्यातून प्रवासी होड्याही सुरू झालेल्या. तरी १६३६ मध्ये प्रकरण नोटरीपर्यंत गेलं. हाल्सनं चित्र पुरं केलंच नाही. १६३७ साली पीटर कॉड नावाच्या चित्रकारानं ते पूर्ण केलं. दर उत्तम होता, वीस किलोमीटर कुणी चाललं नाही. म्हणजे पैसा काम मिळवून देतो. समोर येऊन बसणं, आणि बसल्यावर मोकळं होणं, हे पैशाच्या पलीकडचं आहे. मासा-बिआट्रिक्सच्या चित्रात व्यवहार मैत्रीला नासवत नाही. मैत्री व्यवहाराला जे देता येत नव्हतं ते देते.

शेवटचा मुद्दा बिआट्रिक्सचा, कारण ती राहून जाते. मैत्री मासाची आणि हाल्सची. ती त्यात नवी. मित्राचं लग्न झालं की जुन्या मित्रांच्या मनात एक बारीक शंका असते, आता हा आपला किती राहील? ती कुणी बोलून दाखवत नाही. हाल्सनं काय केलंय बघा. मासा मागे रेललाय, ती त्याच्याकडे झुकली आहे. हात तिचा त्याच्या खांद्यावर, त्याचा तिच्यावर नाही. रीतीप्रमाणे पुरुष मालकासारखा दिसायचा, इथे हक्क तिनं सांगितलाय. आणि तिचं हसू मासापेक्षाही खट्याळ आहे. चित्रकारानं मित्राच्या बायकोला शोभेची म्हणून बसवलं नाही. तिला त्यानं मैत्रीत जागा दिली, आणि तिनंही ती घेतली. मला हे चित्राचं खरं औदार्य वाटतं.

चार वर्षांनी, १६२६ मध्ये, हाल्सनं मासाला पुन्हा रंगवलं. या वेळी एकट्याला. खुर्चीच्या पाठीवरून हात टाकून वळलेला, हातात हॉलीची डहाळी, मागे खिडकीतून उत्तरेकडची सूचिपर्णी झाडं. टोरोंटोला आहे ते. तिथेही ओठ विलगलेले आहेत. पण तिथे तो दुसऱ्याच कुणाकडे तरी बघतोय.

बिआट्रिक्स १६३९ मध्ये गेली, मासा १६४३ मध्ये. हाल्स ऐंशी ओलांडून १६६६ पर्यंत जगला. म्हणजे ज्यांच्या निष्ठेची ग्वाही द्यायची ते दोघं गेल्यावरही वीसेक वर्षं साक्षीदार हयात होता, आणि त्याची साक्ष आजही चालू आहे.

तेव्हा घरी गेल्यावर आपापल्या लग्नाचे फोटो काढून बघा. दागिने, शालू, मांडव हे सगळं दिसेलच. त्यातला एखादा फोटो असा असतो, की ज्यात तुम्ही खरंच हसला आहात. तो कुणी काढला होता, ते आठवा. बहुधा तुम्हाला त्याचं नाव आठवेल.

 आता प्रश्न घेऊ.